भिंगरीचं वजन

६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मालाच्या ट्रकबरोबर निघालं ते दहा दिवसांनी हातात पडलं. तुमचा बोगदा डोंगराच्या पलीकडे निघेल, पण पत्र काही वेळेवर निघायचं नाही. असो. इथे सगळं ठीक. अप्पांचे कान आणखी जड झालेत. तुमच्या साइटवर फोन लागत नाही, आणि तू कधी शहरात उतरून केलास तरी ते नुसते हुंकार देतात आणि ठेवून देतात, तेव्हा तुझ्या नशिबी आमची अक्षरंच वाचणं आहे.

मोठी बातमी म्हणजे एप्रिलच्या कुत्र्यांच्या स्पर्धेत भिंगरीचं नाव घातलं. तू साइटवरून खोक्यातून आणलेलं ते मरतुकडं पिल्लू आता चार वर्षांचं झालंय आणि वाऱ्याशी पैज लावतंय. अठरा अडथळे असतात. उड्या, कापडी बोगदा, बारा काठ्यांमधून नागमोडी पळणं, आणि शेवटी तंबूसारखी उभी केलेली उंच फळी चढून पलीकडे उतरायचं. मी बाजूने हात दाखवत पळते आणि माझीच दमछाक होते. मागच्या वर्षी दीड सेकंदाने नंबर हुकला होता, तो या वेळी सोडायचा नाही.

मैदानावरच्या प्रशिक्षक बाई म्हणतात, कुत्र्याला पळायला शिकवणं सोपं, पळण्याजोगं ठेवणं अवघड. त्यांचे नियम कडक आहेत. उड्या फक्त मातीवर किंवा गवतावर. एक दिवस काम, एक दिवस आराम. आणि अंगावर फाजील मांस नको, हात फिरवला की फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत. त्या म्हणाल्या, भिंगरीचं अर्धा-पाऊण किलो उतरलं तर बरं. झालं! अप्पांनी सगळा कारभार हातात घेतला. तीस वर्षं शाळेच्या पोरांना कवायत शिकवलेला माणूस, आता एकच विद्यार्थिनी उरलीय. फ्रिजवर वेळापत्रक लागलंय. दर रविवारी भिंगरीला उचलून ते काट्यावर उभे राहतात, मग एकटे उभे राहतात आणि वजाबाकी करतात. अठरा किलो चारशे. अप्पांचा हुकूम सतराचा. तिच्या वाडग्यातलं खाणं एकदम निम्मं केलंय.

दादा, ती वाडगं चाटूनपुसून झालं की वर माझ्याकडे बघते. माझा जीव तुटतो. म्हणून दुकानातून आल्यावर संध्याकाळी फिरायला नेते तेव्हा खिशातून दोन उकडलेली अंडी आणि मूठभर बिस्किटं देते. आता तू म्हणशील, अप्पांना सांग की सरळ. पण आई गेल्यावर पाच महिने ते खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले नव्हते, हे तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय. आता पहाटे पाचला बुटांच्या नाड्या बांधून तयार असतात. तुमचं चुकतंय म्हटलं तर वही मिटून पुन्हा त्या खुर्चीत बसतील. तेव्हा हे तुझ्यापाशीच ठेव. लहानपणापासून तुझ्या पोटात गेलेलं कधी बाहेर आलेलं नाही.

तब्येतीला जप. लोभ आहेच, पत्रांपेक्षा लवकर पोचत जावा.

तुझी,
धाकटी

१४ जानेवारी

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, भिंगरीच्या प्रकृतीविषयी थोडे लिहावयाचे आहे. आहार निम्मा करून दोन आठवडे झाले. वजन तोळाभरही हललेले नाही. काटा तपासला, त्याच्यावर तांदळाची पिशवी ठेवून पाहिली, काटा बरोबर आहे. काहींच्या अंगाला वारासुद्धा लागतो म्हणतात, तशातली ही दिसते. शाळेत असा एक मुलगा होता, उपाशी ठेवला तरी फुगायचा. त्याला मी धावण्याने सरळ केला.

त्यामुळे व्यायाम वाढविला आहे. धाकटी तिच्या चष्म्याच्या दुकानात गेली की आम्ही दोघे जिन्यावर. खालपासून चौथ्या मजल्यापर्यंत सहा फेऱ्या. मी दुसऱ्या मजल्यावर उभा राहून मोजतो. नंतर गच्चीवर दोन पाट उभे करून त्यांच्यावर काठी आडवी ठेवतो आणि तीस उड्या घेतो. म्हणजे ती घेते. गच्ची सिमेंटची आहे हे मला दिसते. धाकटी आणि तिच्या बाई मातीचे फार कौतुक करतात. आम्ही फरशीवर अनवाणी कवायत केली, आमचे काय वाकडे झाले? आरामाचा दिवस वगैरे लाड मला पटत नाहीत. वजन उतरले की बंद करू.

मात्र हे धाकटीला कळवू नकोस. ती रागावली की बोलत नाही, आणि ती बोलली नाही तर या घरात मला ऐकू येईल असे बोलणारे कोणी नाही. तुला सांगितलेले तुझ्याजवळ राहते, हा माझा अनुभव आहे.

थंडीत छाती झाकून ठेवावी. हा आशीर्वाद रोजचा समजावा.

अप्पा

२५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी अंड्यांची चोरी वाचून मी जेवणाच्या तंबूत एकटाच हसत बसलो. शेजारचा सुरुंगवाला विचारत होता, लग्न ठरलं का. म्हटलं, बहिणीने कुत्रीला फितवलंय. आमचा बोगदा आठवड्याला बारा मीटर पुढे जातो, भिंगरी तिचा चार सेकंदांत पार करते, तेव्हा खरी मोजणी तिचीच करायला पाहिजे, माझ्या मोजणीच्या दुर्बिणीचं इथे काही खरं नाही.

अंडी दोन जरा जास्त होतात गं. एकावर ये. आणि अप्पांवर थोडं लक्ष असू दे, उत्साहाच्या भरात ते वाहवत जातात. बाकी तुझं गुपित माझ्याकडे सुखरूप आहे. स्पर्धा झाली की मी सुट्टी घेऊन येतोय, मग काय ते सगळे मिळून बोलू.

माया आहे तशीच ठेव.

दादा

२५ जानेवारी

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. भिंगरी आपल्या हाताखाली आहे म्हणजे मला काळजी नाही. फक्त एक सुचवतो, जिने जरा बेताने घ्यावेत, आपल्याही गुडघ्यांचा विचार करावा. वजनाचं म्हणाल तर कधीकधी उशिरा उतरतं, वाट पाहावी. धाकटीला मी काही लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही.

कृपा असू द्यावी.

आपला,
थोरला

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज पत्रात थट्टा नाही. भिंगरीचं काहीतरी बिनसलंय. गेल्या दोन सरावांत तिने उड्यांचे तीन दांडे पाडले. ती कधी दांडे पाडत नाही, तुला माहीत आहे. उजवीकडे वळताना रुंद वळते. झोपून उठली की मागचे पाय ताठ, दहा पावलं चालली की नीट. प्रशिक्षक बाईंनी तिचे पंजे उलटे करून पाहिले आणि मला विचारलं, हिला कुठल्या कडक जमिनीवर पळवता का. मागच्या पायांची नखं घासलेली आहेत, गाद्या खरखरीत झाल्यात. मी म्हटलं, छे, आम्ही मैदानाबाहेर उड्या घेतच नाही.

मला वाटतं हे उपासमारीचं आहे. अंगात ताकदच नाही तर उडी कुठून येणार? म्हणून मी अंडी एकावर आणली होती ती पुन्हा दोन केली, वर थोडं उकडलेलं चिकनही देते. तरी मनातून शंका जात नाही. दादा, तुला सरळ विचारते. मी दुकानात असते तेव्हा अप्पा तिच्याकडून काही करून घेतात का? मी विचारलं तर ते ऐकू न आल्यासारखं करतात, आणि खरंच ऐकू आलं नाही की काय ते कळत नाही. तुला मात्र ते लिहितात. तसं काही असेल तर मी स्पर्धेतून नाव काढून घेईन आणि तिला उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे नेईन. तू नाही म्हणालास तर मी भुकेवर सोडून देईन आणि सराव चालू ठेवीन. तुझ्या शब्दावर सगळं आहे.

उत्तर लगेच लिही. ट्रक चुकवू नकोस.

तुझी,
धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजचे वजन अठरा किलो नऊशे. वाढले! मी काट्यावर तीनदा उभा राहिलो. माझे वजन दोन किलोने उतरले आहे आणि तिचे चढते आहे, हा कुठला न्याय? आहार आणखी कमी केला, फेऱ्या बारा केल्या, उड्या पन्नास.

गेल्या आठवड्यापासून ती तिसऱ्या मजल्यावर थांबते आणि खाली माझ्याकडे पाहते. आळस म्हणावा तर डोळ्यांत तसे दिसत नाही. मग मी हाक मारतो. मी हाक मारली की ती येते. एकदाही असे झाले नाही की हाक मारली आणि ती आली नाही. खरे सांगू का, तुझी आई गेल्यापासून मला कोणी येण्याजोगे उरले नव्हते. आता दुपारी अडीचला घड्याळ पाहतो आणि उठावेसे वाटते.

धाकटीस हे कळता कामा नये. स्पर्धा दोन महिन्यांवर आहे, तोवर कळ काढ.

अप्पा

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ट्रक उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, म्हणून चार ओळी. तू फार मनाला लावून घेऊ नकोस. अप्पा पत्रात विशेष काही लिहीत नाहीत, वजनाचे आकडे आणि माझ्या छातीची काळजी, एवढंच. थंडीत माणसाचंसुद्धा अंग आखडतं, तसंच तिचं असेल. जरा ऊन वाढलं की मोकळी होईल. सराव हलका ठेव, पण बंद करू नकोस, तुझी वर्षाची मेहनत आहे. आणि खाण्याचं, अगं, थोडं आवर.

एप्रिलमध्ये येतोच आहे. तोवर दोघं भांडू नका, एवढं माझ्यासाठी करा.

दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न.

भिंगरीचा पाय गेला.

परवा सकाळी मैदानावर. तू लिहिलं होतंस म्हणून मी निश्चिंत होते. सगळं नीट चाललं होतं, शेवटची उंच फळी ती चढली, उतरली, आणि खाली टेकताना एकदाच ओरडली. मागचा उजवा पाय वर धरून तीन पायांवर उभी राहिली. शेपटी हलत होती दादा, तिला वाटलं तिने काहीतरी चूक केलीय आणि आम्ही रागावू. मी तिला उचलून रिक्षापर्यंत नेलं, अप्पा मागून पळत आले, त्यांच्या एका पायात बूट नव्हता.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातला बंध तुटलाय. एका उडीने नाही, महिना-दोन महिने आत झिजत आला होता. टेबलाच्या एका बाजूला मी, एका बाजूला अप्पा. डॉक्टरांनी विचारलं, वजन जास्त दिसतंय, वरचं खाणं चालू होतं का. मी नाही म्हटलं. मग विचारलं, सिमेंटवर उड्या, जिने वगैरे. ते त्यांनी अप्पांच्या कानाशी ओरडून विचारलं. अप्पा ठामपणे नाही म्हणाले. डॉक्टर दोघांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, तरुण कुत्र्याचा गुडघा उगीच असा होत नाही.

उद्या ऑपरेशन आहे. चालेल, म्हणाले. उड्या आयुष्यात नाहीत, आणि दुसरा गुडघाही सांभाळावा लागेल.

हे मी केलं. तिला चारून चारून जड केलं, आणि तेवढं वजन तिने त्या पायावर झेललं. अप्पा बिचारे रोज मोजत होते आणि मी रोज त्यांना खोटं पाडत होते. डॉक्टरांसमोरही तोंड उघडलं नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू?

धाकटी

१० मार्च

चि. थोरल्यास,
आशीर्वाद.

तुला कळले असेल. धाकटीचे पत्र याच टपालात आहे. ऑपरेशन आज झाले.

डॉक्टरांपुढे मी खोटे बोललो. ऐकू न आल्याचे सोंग घेण्याइतकाही वेळ नव्हता. तिसऱ्या मजल्यावर ती थांबत होती, ते दुखत होते म्हणून. तीस वर्षे मुले हाताखालून गेली, आणि मला आळस आणि दुखणे यांतला फरक कळला नाही, की कळून घ्यायचा नव्हता, ते माझे मला ठाऊक.

धाकटी माझ्याशी चांगली वागते आहे. चहा आणून देते. ते सोसवत नाही. वेळापत्रक काढून टाकले. पाट माळ्यावर टाकले. काही लिहावेसे वाटत नाही.

अप्पा

२० मार्च

ती. अप्पांस शि. सा. न. आणि चि. धाकटीस आशीर्वाद.

हे पत्र दोघांना मिळून आहे. पाकिटात जानेवारीपासूनची तुम्हा दोघांची सगळी पत्रं आहेत. अप्पांनी धाकटीची वाचावीत, धाकटीने अप्पांची. एकाच खोलीत बसून वाचा.

वाचल्यावर काय दिसेल ते मीच सांगतो. अप्पा खाणं कमी करत होते, धाकटी चोरून भरून काढत होती. वजन हलत नव्हतं म्हणून अप्पा व्यायाम वाढवत होते. व्यायामाने ती थकत होती म्हणून धाकटी खाणं वाढवत होती. तुम्हा दोघांना निम्मं निम्मं माहीत होतं. पुरतं माहीत असलेला घरात एकच माणूस होता, आणि तो मी. चोवीस फेब्रुवारीला तुमची दोन्ही पत्रं माझ्या पलंगावर शेजारी शेजारी पडली होती. मी दोन्ही दोनदा वाचली. मग धाकटीला लिहिलं की अप्पा विशेष काही लिहीत नाहीत.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत नव्हता. तो जेवत होता. मला पुरता तासभर होता.

का लिहिलं तसं, याचं उत्तर शोधतोय. दोघांना दिलेला शब्द होता, हे आहे, पण ते कारण नाही. तुम्ही दोघं भांडलात की आई असतानासुद्धा दोघंही माझ्याकडे यायचात. मला ते आवडायचं. दोघांचं ऐकून घेणारा, दोघांचा लाडका. एकाचं दुसऱ्याला सांगितलं असतं तर कोणीतरी एक माझ्यावर रागावलं असतं, तेवढं मला टाळायचं होतं. इतक्या लांब राहून मी घरात सगळ्यांत जास्त शहाणा आहे असं मला वाटत होतं. तेवढ्यासाठी मी तिचा पाय जाऊ दिला.

धाकटे, डॉक्टरांना खरं सांगा, दोघंही. आणि मला काय बोलायचं ते बोला.

थोरला

२ एप्रिल

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट पोचले. तू लिहिलेस तसे एका खोलीत बसून वाचले. वाचून झाल्यावर धाकटी माझ्यावर ओरडली. मला सगळे ऐकू आले. मीही ओरडलो. खालच्या मजल्यावरचे शिंपी वर येऊन पाहून गेले. दोन वर्षांत आम्ही इतके बोललो नव्हतो. मग दोघे डॉक्टरांकडे गेलो आणि जे होते ते सांगितले. ते म्हणाले, आधी सांगितले असते तर दुसऱ्या गुडघ्याचाही फोटो त्याच दिवशी काढला असता. आता काढला. तिथेही झीज आहे, पण धरून आहे.

भिंगरीला दिवसातून तीनदा पाच मिनिटे पट्ट्याला धरून चालवायचे आहे. सकाळचे माझ्याकडे, दुपारचेही माझ्याकडे, संध्याकाळचे धाकटीकडे. खाणे आम्ही दोघांनी मिळून मोजायचे असे ठरले आहे. वजन सतरा किलो नऊशे.

धाकटीचे सहा जानेवारीचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. ती माझ्यासाठी गप्प राहिली. मी मात्र माझ्यासाठीच गप्प राहिलो. तुझ्याबद्दल म्हणशील तर, तुझ्यावर रागावण्याचा मला हक्क नाही. तू सात वर्षांचा असताना मी तुला पहिल्यांदा म्हणालो होतो, आईला सांगू नकोस. ती सवय तुला मीच लावली. सुट्टी मिळाली की ये. आम्हाला एकमेकांचे काही सांगू नकोस, स्वतःचे काही असेल तर सांग.

अप्पा

दादा,

याच कागदावर लिहितेय, म्हणजे मी काय लिहिलं ते अप्पांनाही वाचता येईल. आता असंच लिहीत जाणार.

अप्पांनी तुला माफ केलं, तो त्यांचा प्रश्न. मी माझ्या अंड्यांचा हिशोब माझ्यापाशी ठेवलाय आणि अप्पांच्या गच्चीचा त्यांच्यापाशी. पण आम्ही दोघं आंधळे होतो, तुला दिसत होतं. मी तुला सरळ विचारलं होतं. तू नाही म्हणालास तर सराव चालू ठेवीन, हेही लिहिलं होतं. तुझं पत्र चार मार्चला आलं. त्या दिवशी दुपारची डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली होती. तुझं पत्र वाचलं, बरं वाटलं, आणि वेळ रद्द केली. सात तारखेला ती पडली. मध्ये तीन दिवस होते. तुझी एक ओळ पुरली असती.

प्रशिक्षक बाई भेटायला आल्या होत्या. त्यांच्या हातात स्पर्धेच्या नावांची यादी होती, आमचं नाव खोडलेली. भिंगरी त्यांचा आवाज ऐकून उठली, दारापर्यंत लंगडत गेली आणि त्यांच्यासमोर उडीच्या पवित्र्यात वाकून उभी राहिली, आता हात कधी दाखवता म्हणून. त्या तोंड फिरवून जिना उतरल्या. तिला समजावून कोण सांगणार? रोज सकाळी ती पट्टा तोंडात धरून तयार असते, आणि पाच मिनिटं झाली की आम्ही तिला परत आणतो.

तू कबूल केलंस, पत्रं पाठवलीस, ते सोपं नव्हतं हे मला कळतं. तरी राग गेलेला नाही. गेलाय असं लिहून तुझं समाधान करणार नाही, या घरात ते फार झालं. तू ये. तिला भेट. ती धावत येईल, तिला धावू देऊ नकोस, तू पुढे हो.

लोभ आहे. तो वाढावा असं मात्र आज लिहवत नाही.

धाकटी